घरातले भांडण साक्षीच्या खुर्चीत

प्रश्न : ‘द जज’ हा २०१४ मधील अमेरिकन चित्रपट मी मोठ्या अपेक्षेने पाहिला. रॉबर्ट डाउनी ज्युनिअर आणि रॉबर्ट डुवाल यांच्यासारखे कसलेले नट बापलेकाच्या भूमिकांत असूनही शेवटी हाती काही लागले नाही. असे का व्हावे?

उत्तर : आपली निराशा रास्त आहे आणि तिचे कारण अभिनयात नसून पटकथेत आहे. शिकागोतील यशस्वी वकील हँक आईच्या अंत्यसंस्कारासाठी इंडियानातील आपल्या गावी येतो. त्याच्याशी धड बोलतही नसलेल्या न्यायाधीश वडिलांवर, त्यांनीच पूर्वी तुरुंगात धाडलेल्या एका माणसाला मोटारीने चिरडल्याचा आरोप येतो आणि अखेर त्यांचा बचाव मुलाकडे येतो. कथाबीज उत्तमच आहे. मात्र खटला आणि दुरावा या दोन्ही गाठी साक्षीच्या खुर्चीतच सोडवायच्या, असे पटकथेने ठरवले आणि तिथेच घात झाला.

तो प्रसंग आठवून पाहावा. कर्करोगावरील उपचारांमुळे वडिलांची स्मृती दगा देत असते. हे बाहेर फुटले तर आपल्या निकालांवर शंका घेतली जाईल, म्हणून त्याची वाच्यता होऊ नये असा त्यांचा हट्ट असतो. हँक भर न्यायालयात नेमके तेच विचारतो. अशिलाची गोपनीय माहिती त्याच्या इच्छेविरुद्ध उघड करणे ही वकिलाकडून घडणारी फार गंभीर गोष्ट आहे, पण चित्रपट तिच्याकडे मुलाच्या प्रेमाचा पुरावा म्हणून पाहतो. पुढे, त्या गुन्हेगाराला पहिल्या वेळी इतकी सौम्य शिक्षा का दिली, असे विचारल्यावर वडील सांगतात की त्याच्यात त्यांना हँकच दिसला होता. हे उत्तर हलवून टाकते, यात शंका नाही. परंतु साक्ष घेताना वकिलाला फक्त प्रश्न विचारता येतात. ‘मग माझ्याशीच इतके कठोर का वागलात?’ हे त्याला तिथे भांडून विचारता येत नाही, आणि ज्या भांडणाची आपण दोन तास वाट पाहिली, ते ज्यूरीच्या साक्षीने एकतर्फीच मिटते.

याउलट न्हाणीघरातला प्रसंग पाहा. आजारी वडिलांचा स्वतःच्या शरीरावरचा ताबा सुटला आहे, मुलगा त्यांना धुऊन काढतो आहे, दाराबाहेरून नात आत येऊ का म्हणून विचारते आणि त्या अवघडलेपणात दोघांनाही हसू फुटते. तिथे कोणीही कबुलीजबाब देत नाही, तरीही त्यांच्यातले अंतर तसूभर कमी झालेले आपल्याला स्पष्ट जाणवते. दिग्दर्शक डेव्हिड डॉबकिन यांनी या वाटेने जायला हवे होते, असे मला मनापासून वाटते. त्याऐवजी १४१ मिनिटांत जुनी प्रेयसी, तिच्या मुलीचा बाप कोण हा प्रश्न आणि थोरल्या भावाची अपघाताने संपलेली बेसबॉल कारकीर्द एवढे सगळे कोंबले आहे. छायाचित्रकार यानुश कामिन्स्की यांनी न्यायालयाच्या खिडक्यांतून सोडलेला पांढराशुभ्र उजेडही भावनांवर मुद्दाम बोट ठेवल्यासारखा वाटतो.

डुवाल यांना या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले, ते सर्वस्वी योग्यच होते. त्यांनी या न्यायाधीशाला कुठेही केविलवाणा होऊ दिलेला नाही.