चवथीच्या पाहुण्यांना साप दाखवायचाय, पण तो हातात येतच नाही

प्रश्न: ताई, मी डिचोलीचा, कॉलेजात शिकतो. दीड महिन्यापूर्वी बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला लहान जातीचा अजगर, आणलाय, दोन फुटांचा असेल, पिल्लूच म्हणा. पेटीत हात घातला की गोळा होऊन बसतो नाहीतर फुस्स करतो, परवा तर हातावर तोंडच मारलं. रोज अर्धा तास मी त्याला धरून बसतो, सवय व्हावी म्हणून, तरी काही फरक नाही. चवथीला सगळे काका-मामा येणार, तोपर्यंत माणसाळेल का? आई म्हणते, देऊन टाक तो.

उत्तर: चवथीचं आधी डोक्यातून काढ बाबा. वीस माणसं, फटाके, घुमट-आरती आणि प्रत्येकाला सेल्फी हवी, एवढ्यात तर मांजरसुद्धा माळ्यावर जाऊन बसतं.

तुझं चुकतंय ते रोजच्या अर्ध्या तासात. तुझ्या हिशेबाने त्याला सवय लागतेय, त्याच्या हिशेबाने रोज एक मोठा गरम प्राणी येऊन त्याला पकडतो आणि सोडत नाही. गोळा होणं हा त्याचा स्वभावच, इंग्रजीत नावच त्यावरून पडलंय, आफ्रिकेत शिकारी प्राणी समोर आला की हा डोकं मधे लपवून चेंडू होतो. म्हणजे तो चिडलेला नाही, टरकलाय.

आता दोन आठवडे हात लावूच नको, फक्त पाणी बदल आणि खायला दे. नीट खायला लागला की मग सुरू कर, आठवड्यातून दोन-तीनदा, पाच मिनिटं, बस्स. हात वरून नको नेऊ, वरून येते ती घार, बाजूने ने. आधी कागदाच्या गुंडाळीने अंगावर हलकेच टेकव, डोक्यावर नाही हं, म्हणजे त्याला कळतं की हे जेवण नव्हे. मग मधल्या भागाखाली दोन्ही हात घालून उचल, आवळू नको, एका हातावरून दुसऱ्यावर सरकू दे. फुस्स केलं म्हणून घाबरून लगेच ठेवलास तर फुस्स केल्यावर सुटका होते हेच तो शिकेल, म्हणून जमिनीवर बसून थोडं थांब आणि अंग सैल पडलं की ठेव.

आणि हात धुतलेले हवेत. त्याच्या ओठांवर उष्णता कळणारे खड्डे असतात, उंदराचा वास असलेला गरम हात म्हणजे त्याला उंदीरच, परवा बहुतेक तेच झालं असणार. चावलाच तर ओढू नको, दात आत वळलेले असतात, ओढलंस तर तुझंच कातडं फाटेल. गार पाणी सोड, सुटतो. विष नाही, साबणाने धुवून टाक. साप हाताळून झाल्यावरही साबण हवाच, त्याच्या अंगावर साल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारे जंतू, असू शकतात.

जेवल्यावर ४८ तास हात नाही. मी एकदा हा नियम मोडलेला, दुसऱ्याच दिवशी उचलला आणि त्याने अर्धवट पचलेला उंदीर सोफ्यावर काढून ठेवला, तो वास जायला आठवडा गेला. डोळे निळसर दुधी दिसले तर कात टाकायला आलाय, तेव्हा त्याला नीट दिसत नाही, तेव्हाही नको.

पेटीही बघ. गरम बाजू ३१-३२ अंश, गार बाजू २५-२६, आणि दोन्हीकडे लपायला घट्ट जागा. पावसात आपल्याकडे लाईट गेली की हीट मॅट, म्हणजे पेटी गरम ठेवणारी विजेची चटई, बंद आणि गारठलेला साप पचवतही नाही नि शांतही राहत नाही. दमटपणा गोव्यात फुकट मिळतो, पण खालचं अंथरूण ओलं राहिलं तर पोटाचे खवले कुजतात.

कुत्र्यासारखी माया करेल ही अपेक्षा नको. जीभ हळूहळू आत-बाहेर करत तो हातावर निवांत सरकतोय, एवढं झालं म्हणजे जमलं. त्याला काही महिने लागतील. आईला सांग, पेटीला कुलूप लावीन.

बाय द वे, सरकारच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी केलीस ना? विदेशी असला तरी तो साइटिसच्या, म्हणजे वन्य प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीतला आहे, नोंदणी लागतेच.

प्रश्न: ताई, आम्ही पेडण्याचे. कुळागरात, म्हणजे आमच्या पोफळीच्या बागेत, अजगराचं पिल्लू मिळालं, मुलांनी बरणीत ठेवलंय. लहानपणापासून हाताळलं तर माणसाळेल ना?

उत्तर: नाही, आणि पाळायचा तर विचारही नको. आपल्याकडचा अजगर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली पहिल्या अनुसूचीत आहे, घरात ठेवणं हा गुन्हा. पण मला खरी भीती वेगळीच वाटतेय. घोणशीचं पिल्लू लोकांना हमखास अजगराचं वाटतं, तसंच जाड, तसेच तपकिरी ठिपके, आणि घोणस पिल्लू असली तरी जन्मल्या दिवसापासून विषारी. पाठीवर साखळीसारख्या तीन रांगा असतात, पण ते बघायला बरणी उघडू नका. मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा, झाकण आहे तसंच ठेवा आणि आत्ताच्या आत्ता वन खात्याला फोन लावा.