बसणं वेगळं, चालू करणं वेगळं

पाषाण, पुणे

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

सेमिनारसाठी काढलेली तुझी आकृती पाहिली. रिसेप्टर (पेशीवरचं, संदेश ओळखणारं प्रथिन) म्हणजे कुलूप, संप्रेरक म्हणजे किल्ली. रेखीव आहे, पण तिच्यावर विसंबू नकोस. त्या चित्रात प्रोप्रॅनोलॉल कुठे बसवशील? रक्तदाबाची ही जुनी गोळी बीटा रिसेप्टरला, म्हणजे अ‍ॅड्रेनलिन या संप्रेरकाच्या कुलपाला, अ‍ॅड्रेनलिनपेक्षा कितीतरी घट्ट धरते, तरी रिसेप्टर चालू होत नाही. घट्ट बसणं आणि काम करणं या दोन गोष्टी आहेत, एवढं तुझ्या सेमिनारमधून मुलांना कळलं तरी मला आनंद होईल.

सुरुवात रस्त्यावरून कर. कर्वे रस्ता ओलांडताना अचानक बस अंगावर येते, छाती धडधडते. रक्तातलं अ‍ॅड्रेनलिन पेशीत शिरतच नाही, दारातच थांबतं. हृदयात मुख्यतः बीटा-१ रिसेप्टर असतो. पण बारकाईने पाहायचा तर त्याचा भाऊबंद बीटा-२ घे.

त्याची साखळी पेशीपटलातून सात वेळा आरपार जाते. या सात हेलिक्समधल्या (मळसूत्री दांड्यांमधल्या) खोबणीत अ‍ॅड्रेनलिन बसतं. तिसऱ्या हेलिक्सवर ११३व्या जागी ऋणभारित अमिनो आम्ल अ‍ॅस्पार्टेट आहे, ते अ‍ॅड्रेनलिनच्या धनभारित नायट्रोजनला धरतं. दुसऱ्या टोकाला त्याच्या वलयावरचे हायड्रॉक्सिल (OH) गट पाचव्या हेलिक्सवरच्या सेरीन या अमिनो आम्लाशी हायड्रोजन बंध जोडतात. कायमचा असा बंध एकही नाही, म्हणून काम झालं की रेणू सुटतो. ही सोडवणूक लोक विसरतात. तू विसरू नकोस.

आता खरी गंमत बघ. सेरीनच्या ओढीने पाचवी हेलिक्स वरच्या, म्हणजे पेशीबाहेरच्या बाजूला जेमतेम २ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा कोटीवा भाग) खोबणीकडे आत सरकते. आणि जी-प्रोटीन (संदेश पेशीत पुढे नेणारं प्रथिन) जोडलेल्या अवस्थेत, पेशीच्या आतल्या बाजूला, सहावी हेलिक्स तब्बल १४ अँगस्ट्रॉम बाहेर झुकलेली दिसते! इतक्या वर्षांनीही हे आकडे वाचताना मी थबकते. ही रचना २०११ साली समोर आली. पुढच्याच वर्षी लेफकोविट्झ आणि कोबिल्का यांना या रिसेप्टरांवरच्या कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आणखी एक. रिसेप्टर रिकामा असतानाही अधूनमधून आपणहून चालू होतो. अ‍ॅड्रेनलिन त्याची ती अवस्था टिकवून धरतं. मग किल्ली फिरवली कुणी?

रविवारी सकाळी घरी ये. प्रोटीन डेटा बँक या प्रथिन-रचनांच्या संग्रहातून अ‍ॅड्रेनलिन बसलेली बीटा-२ ची रचना लॅपटॉपवर उतरवून आण आणि ११३वं अ‍ॅस्पार्टेट शोधून ठेव. सेरीन आपण मिळून शोधू.

तुझी,
मॅडम