आकड्याआधी कालचा दिवस विचार

अगं, दुखण्यामुळे नोकरीतलं काम किती अडतं हे तपासताना पहिल्याच भेटीत ‘दुखणं दहापैकी किती?’ विचारून फॉर्म पुढे सरकवू नकोस. ३ महिन्यांहून जास्त दुखणं अंगावर काढत नोकरी करणारा माणूस ‘होतं हो काम’ असंच म्हणतो. नोकरीची धास्ती असते. त्याला कालचा दिवस सांगायला लाव, घरातून निघाल्यापासून. माझ्याकडे हिशेबाचं काम करणाऱ्या एक बाई यायच्या. काम वेळेत, रजा एकही नाही. खोदून विचारलं तेव्हा कळलं, जेवणाची सुट्टी त्या घेतच नव्हत्या आणि माऊस डाव्या हाताने चालवायला शिकल्या होत्या. हजेरीपटावर हे कुठून दिसणार?

प्रश्नावली वापरायचीच, पण नंतर. वर्क लिमिटेशन्स क्वेश्चनेअरमध्ये, म्हणजे तब्येतीमुळे कामात येणाऱ्या अडचणी मोजणाऱ्या प्रश्नावलीत, २५ प्रश्न आहेत, मागच्या २ आठवड्यांबद्दल: वेळ सांभाळणं, शारीरिक काम, एकाग्रता नि माणसांशी वागणं, कामाचा उरक. यातल्या शारीरिक भागात प्रश्न उलटा होतो, ‘किती वेळ अडचण आली’ऐवजी ‘किती वेळ अडचणीविना जमलं’. लोक तिथे हमखास गोंधळतात. मीही सुरुवातीला गुण मांडून मोकळी व्हायचे, निष्कर्ष भलताच! तेवढं पान शेजारी बसून भरून घे.

घाई असेल तर डब्ल्यूपीएआय ही तब्येतीमुळे बुडालेलं नि अडलेलं काम मोजणारी प्रश्नावली आहे, ६ प्रश्नांची. ती फक्त मागचे ७ दिवस बघते, त्यामुळे दुखणं कमीजास्त होणाऱ्याचा नेमका बरा आठवडा पकडलास तर फसशील.

आणि त्या माणसाच्या साहेबांना काय कळवायचं, ते त्याला विचारल्याशिवाय ठरवू नकोस.