लेपर्ड गेकोच्या (पाळीव पालीच्या) टाकीखाली किती वॅटची हीट मॅट लावावी?

न्यू जर्सीतली तुमची २० गॅलन लाँग टाकी म्हणजे ३० × १२ इंचांचा तळ. त्याला ८ × १२ इंचांची, साधारण १६ वॅटची मॅट पुरते. ती एका टोकाला लावा. तळाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग झाकू नका, नाहीतर थंड बाजूच उरणार नाही. वॅटचा प्रश्न इथे संपला. मी लिहायला बसलो ते तुमच्या दुसऱ्या वाक्यामुळे: ‘दुकानदार म्हणतो, एवढ्या लहान मॅटला थर्मोस्टॅट कशाला, डिमर पुरे.’ हा सल्ला साफ चुकीचा आहे.

मॅटला तापमान कळत नाही. ती ठरावीक उष्णता देत राहते, आणि काच किती तापेल हे ती उष्णता किती सहज निघून जाते यावर ठरतं. डिमर फक्त तो पुरवठा कमी करतो. रात्री खोली १८ अंश सेल्सिअसवर असताना तुम्ही डिमर फिरवून काच ३२ वर आणलीत, तर दुपारी खोली २६ झाल्यावर तीच काच ४० च्या आसपास जाते. त्यावर चार-पाच सेंटिमीटर वाळू असेल तर आणखी वाईट. उष्णता खाली कोंडते, वरून हात लावला तर कोमट लागतं. गेको गारव्यासाठी उकरतो आणि नेमका तापलेल्या काचेवर जाऊन बसतो. ‘दहा वर्षं थर्मोस्टॅटशिवाय चाललंय’ म्हणणाऱ्यांना एकच विचारा: वाळूखालची काच कधी मोजलीत का? भिंतीवर चिकटवलेला गोल काट्याचा थर्मामीटर तिथल्या हवेचं तापमान सांगतो, पोटाखालचं नाही.

साधा ऑन-ऑफ थर्मोस्टॅट मॅटसाठी चालतो. पल्स प्रपोर्शनल, म्हणजे वीज छोट्या झटक्यांत कमी-जास्त देणारा, घेतलात तर चढउतार कमी. पण बहुतेक घोटाळे प्रोबच्या, म्हणजे थर्मोस्टॅटच्या तापमान मोजणाऱ्या टोकाच्या, जागेमुळे होतात. प्रोब टाकीत ठेवला की गेको तो उकरून बाजूला सारतो. प्रोबला थंड हवा लागते, थर्मोस्टॅट समजतो की अजून तापवायचंय, आणि मॅट रात्रभर पूर्ण जोरात चालते. पाण्याची वाटी सांडून प्रोब ओला झाला तरी तेच, कारण पाणी उडताना तो गार पडतो. म्हणून प्रोब बाहेर, मॅट आणि काच यांच्यामध्ये, मॅटच्या मध्यभागी पक्का बसवा. तिथलं तापमान आतल्या पृष्ठभागापेक्षा जास्त असतं, तेव्हा आकडा अंदाजाने ठरवू नका. थर्मोस्टॅट ३४ वर ठेवा, पाच-सहा तास थांबा, मग झाकण उघडून वरून इन्फ्रारेड गनने (दुरून पृष्ठभागाचं तापमान मोजणाऱ्या यंत्राने) टाकीचा आतला तळ मोजा. काचेतून मोजलंत तर गन काचेचंच तापमान दाखवते. पृष्ठभाग ३१ ते ३३ येईपर्यंत एकेक अंशाने सरकवा. थंड टोक २४ ते २६ हवं.

टाकीच्या आत, मॅटच्या वरच्या भागात टाइल किंवा पेपर टॉवेल ठेवा, माती हवीच असेल तर एक सेंटिमीटरच्या आत. लपायची एक जागा मॅटच्या वर, दुसरी थंड टोकाला. टाकीच्या चारी कोपऱ्यांना रबरी पाय लावून सहा-सात मिलिमीटर उचला, म्हणजे खाली हवा खेळेल. चिकटवलेली मॅट ओढून काढली की आतली पट्टी तुटू शकते. ती पुन्हा वापरू नका. घडीही घालू नका. वायरीला प्लगपेक्षा खाली झोळ द्या, पाणी सॉकेटकडे जाणार नाही.

थर्मोस्टॅटचा रिले, म्हणजे वीज चालू-बंद करणारा आतला स्विच, चालू अवस्थेत चिकटू शकतो. म्हणून गरजेपेक्षा मोठी मॅट घेऊ नका, आणि कमाल-किमान तापमान लक्षात ठेवणारा वेगळा डिजिटल थर्मामीटर लावा. पोटाचे खवले लालसर किंवा तपकिरी दिसले, फोड आले, तर मलम शोधत बसू नका, सरीसृपांच्या डॉक्टरकडे न्या.

हे सगळं काचेच्या टाकीसाठी. लाकडी किंवा पीव्हीसीच्या पेटीखाली मॅट निरुपयोगी, जाड तळातून उष्णता वर येत नाही. मॅट हवाही तापवत नाही; रात्री खोली १८ च्या खाली जात असेल तर वरून सिरॅमिक हीटर लागेल, त्याला वेगळा थर्मोस्टॅट. आणि खोलीच ३३ च्या वर गेली तर थर्मोस्टॅट मॅट बंद करण्यापलीकडे काही करू शकत नाही, तेव्हा खोली थंड करावी लागेल.