मुलगी तिसरीत आहे. परिसर अभ्यासातली चित्रं न बघताच पान उलटते, काय करू?

धडा वाचण्याआधी मजकूर हाताने झाका आणि चित्रावर बोट ठेवून विचारा, "इथे काय चाललंय? हा बाण कुठून कुठे गेलाय?" मी तिसरीलाच शिकवते, मुलं चित्र बघतात, पण बाण, नावं, आकार त्यांच्या नजरेतून सुटतात. फुलपाखराच्या जीवनचक्रात अंडं आणि फुलपाखरू बरेचदा सारख्याच आकाराचं छापलेलं असतं. वर्गातल्या एकाने विचारलं होतं, एवढं मोठं अंडं पानावर मावतं कसं! खरं अंडं जेमतेम १ मिलिमीटरचं. कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या कोवळ्या पानांवर शोधा, सापडेल. मग मजकूर वाचून चित्रात नसलेली एक गोष्ट तिला शोधू द्या. मात्र नुसत्या सजावटीच्या चित्रांवर प्रश्न विचारत बसू नका, पोरगी कंटाळेल.