माझ्याशिवाय विभाग खरोखरच बंद पडेल का?

‘तुमच्याशिवाय विभाग चालणार नाही’ असे वरिष्ठ वारंवार सांगत असताना राजीनामा द्यावा की नाही, असे आपण विचारले आहे. माझ्या मते काम अडते, परंतु कायमचे अडत नाही.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत मी प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्राने दाबून पत्र्याचे भाग बनवणाऱ्या विभागात, काम करत असताना तेथे एक ज्येष्ठ डाय सेटर, म्हणजे प्रेसवर डाय (साचे) बसवणारे कारागीर, होते. कोणत्या डायखाली, कोणत्या कोपऱ्यात, किती जाडीची शिम (पातळ पट्टी) लावायची आणि पत्र्याचा लॉट कडक निघाला तर स्प्रिंगबॅक (वाकवलेला पत्रा थोडा परत उलगडणे) कसा आवरायचा, हे केवळ त्यांनाच ठाऊक होते. ते निवृत्त होताच रिजेक्शन वाढले, ग्राहकाच्या तक्रारी आल्या आणि व्यवस्थापनाने त्यांना कंत्राटावर परत बोलावले. मात्र त्याच मुदतीत तरुण सेटर त्यांच्या हाताखाली देऊन प्रत्येक डायचे हिस्टरी कार्ड भरून घेण्यात आले. कंत्राट संपले तेव्हा ते वाढवण्याचा विषयही कोणी काढला नाही.

तरीही एक गोष्ट कार्डावर उतरली नाही. प्रेसच्या आवाजावरून आणि जॉबच्या (तयार भागाच्या) कडेला आलेल्या बरवरून, म्हणजे खरबरीत कोरेवरून, डाय ग्राइंडिंगला (घासून धार लावायला) कधी काढावी, हे ते अचूक सांगत. त्यांच्यानंतर प्रेसचे ठरावीक स्ट्रोक (ठोके) झाले की डाय काढण्याचा नियम झाला. त्यामुळे पुष्कळदा गरज नसताना ग्राइंडिंग होते आणि डायचे आयुष्य घटते. म्हणजे कंपनीने त्यांची जागा पूर्णपणे भरली नाही, त्यांच्याशिवाय चालवण्याची किंमत तेवढी मान्य केली. बहुतेक ठिकाणी असेच घडते, आणि ही किंमत कोणत्याही ताळेबंदात वेगळी दाखवली जात नाही.

बँकिंग क्षेत्रात तर एकाच माणसावर अवलंबून राहणे ही जोखीम मानली जाते. संवेदनशील पदांवरील कर्मचाऱ्यांना दरवर्षी सलग किमान १० कामकाजाचे दिवस, तेही पूर्वसूचना न देता, सक्तीच्या रजेवर पाठवावे, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये बँकांना बजावले. त्यामागचा मुख्य हेतू गैरव्यवहार उघड व्हावेत हा असला, तरी त्या काळात टेबल दुसऱ्याला सांभाळता येते की नाही, हेही आपोआप कळते.

आपणही राजीनाम्यापूर्वी तेवढीच सलग रजा घ्यावी आणि कार्यालयातून कोणकोणत्या कामांसाठी फोन येतात, याची नोंद ठेवावी. त्या नोंदीवरून नोटिशीच्या काळात काय लिहून द्यायचे, हे ठरेल. शिवाय पगारवाढीची बोलणी करायची असतील, तर वरिष्ठांच्या कौतुकापेक्षा ती यादी अधिक उपयोगी पडेल.