आकडा उतरला, गळा तोच आहे

आदरणीय भगिनी,
सप्रेम नमस्कार.

आपले फोंड्याहून आलेले पत्र मी दोनदा वाचले. गावच्या जत्रेतील नाटकात आपल्या सतरा वर्षांच्या मुलाने म्हटलेल्या पदाची रील दोन लाख लोकांनी पाहिली, देवळात सत्कार झाला, आणि त्यानंतरच्या सहा रील्सना हजाराचाही पल्ला गाठता आला नाही. आता तो रात्री दोनपर्यंत आकडे पाहत बसतो, ‘मी आता कोणीच नाही’ म्हणतो आणि बारावी सोडून मुंबईला ऑडिशनसाठी जाण्याचा हट्ट धरतो. त्याला जाऊ द्यावे का, असे आपण विचारले आहे.

बारावी सोडू देऊ नये. परीक्षा झाल्यावर ऑडिशनला खुशाल जावे. मला अधिक खटकले ते पत्रातील दुसरेच एक वाक्य. रात्री जेवताना आपण स्वतःच त्याला ‘आज किती झाले?’ असे विचारता. ज्या घरात रियाज झाला का हे कोणी विचारत नाही, पण आकडा रोज विचारला जातो, त्या घरातल्या मुलाला आपली किंमत त्या आकड्याएवढीच वाटू लागली, तर त्याला एकट्याला कसा दोष द्यावा?

दोन लाखांच्या वेळी आणि नऊशेंच्या वेळी गळा एकच होता. कोणाच्या मोबाईलवर काय दाखवायचे हे ठरवणारी यंत्रणा प्रेक्षक किती वेळ थांबतो ते मोजते. सूर लागला की नाही, हे तिला कळत नाही. आपल्याच तालुक्यातील केरीच्या शास्त्रीय गायिका केसरबाई केरकर यांची गोष्ट त्याला जरूर सांगावी. ऐन कीर्तीच्या काळातही त्यांनी ध्वनिमुद्रणे मोजकीच केली, आणि गळा मनासारखा चालत नाही असे वाटू लागताच साठच्या दशकात जाहीर गाणे बंद केले. श्रोते तेव्हाही आतुर होते. निकाल बाईंच्या कानाने दिला. 1977 साली त्यांची ध्वनिमुद्रित भैरवी नासाच्या व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली आणि त्याच वर्षी त्या निवर्तल्या.

तसा कान मुलाला हवा असेल तर गुरू लागतो. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा बारावीनंतर पुढे चालू ठेवता येतील आणि पणजीच्या कला अकादमीतील संगीत वर्गांची चौकशीही करावी. तोपर्यंत दर महिन्याला एकच बंदिश ध्वनिमुद्रित करून ती कोठेही न टाकता गुरूंसमोर ऐकावी: तार षड्ज (वरचा सा) टिकला का, दम कोठे तुटला, शब्द कोठे खाल्ले गेले. रील्स बंद करण्याची गरज नाही, मात्र रात्री दहानंतर त्याचा फोन आपल्या खोलीत असावा. (आपलाही फोन तेव्हा बाजूला असेल, असे मी गृहीत धरतो.) झोप आणि जेवण दोन आठवड्यांत रुळावर आले नाही, तर बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत दाखवण्यास संकोच करू नका, जगण्याविषयीच नैराश्याचे काही बोलला, तर एक दिवसही थांबू नका.

श्रावणात वास्कोला दामोदराचा भजनी सप्ताह असतो. चोवीस तास अखंड भजन चालते आणि मंडळे आळीपाळीने बसतात. आपल्या गावचे मंडळ जात असेल, तर त्याला पहाटे तीनच्या पाळीला पाठवावे. परतल्यावर ऐकायला किती माणसे होती हे विचारू नका. कोणता अभंग घेतला, तेवढे विचारा.

आपला,
करिअर मार्गदर्शक